तीन हजार कात्र्या

कारखान्यात ती मालकापासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांची वहिनी होती. त्याला कारण तिचा नवरा. कात्र्यांच्या त्या लांबलचक गल्लीत एके काळी चाळीस कारखाने होते, आणि चाळीस कारखान्यांत मिळून भट्टीवरचा एकच माणूस असा होता, ज्याला सगळे उस्ताद म्हणत. पोलाद किती लाल झालं की बाहेर काढायचं, तेलात कधी बुडवायचं, हे तो नुसत्या नजरेने सांगायचा. उस्तादाची बायको म्हणून ती वहिनी. पुढे उस्ताद गल्ली सोडून गेला आणि वहिनीच गल्लीत कामाला लागली, तरी वहिनी ती वहिनीच राहिली.

उस्ताद गल्ली सोडून गेला म्हणजे काय, तर गल्लीनेच त्याला सोडलं. नऊ वर्षांपूर्वी बाजारात परदेशी कात्र्या आल्या. चकचकीत, लाल प्लास्टिकच्या मुठीच्या, आणि इतक्या स्वस्त की तेवढ्यात इथे नुसतं पोलादही येत नव्हतं. पहिल्या वर्षी गल्ली हसली. दोन महिन्यांत बोथट होतील, मग येतील लोक आपल्याच दारात. कात्र्या बोथट झाल्या, पण लोक आले नाहीत. त्यांनी बोथट कात्री टाकून दिली आणि तसलीच दुसरी घेतली. वहिनीच्या कारखान्यातल्या पॅकिंगवाल्या अक्काची धाकटी बहीण तर त्याच स्वस्त कात्रीवर आणि तसल्याच स्वस्त शिवणयंत्रावर घरबसल्या कपडे शिवायला लागली. इथली कात्री तिला कधी परवडलीच नसती. कोणाला काय बोलायचं? तीन वर्षांत चाळीसाचे सहा कारखाने उरले.

त्या दिवसांत गल्लीने एक अर्ज केला होता. परदेशी कात्र्यांवर जबर कर बसवा, असा. झाडून सगळ्या मालकांनी आणि कामगारांनी त्यावर सह्या केल्या. केली नाही ती एकाने, आज वहिनी ज्याच्याकडे काम करते त्या मालकाने. तेव्हा तो तिशीतला होता, बापाचा कारखाना नुकताच हातात आलेला. तो म्हणाला, "मी माझा माल बाहेर पाठवायच्या खटपटीत आहे. उद्या त्यांनी माझ्या कात्रीवर असाच कर बसवला तर मी कोणत्या तोंडाने ओरडू?" उस्तादाने भर चौकात त्याला गद्दार म्हटलं. दोघांत त्यानंतर शब्द नाही.

अर्जाचं काही झालं नाही. उस्ताद ज्या कारखान्यात भट्टीवर होता तो बंद पडला. वर्षभर तो घरात भिंतीकडे तोंड करून बसला, आणि मग कंटेनर डेपोत लागला. बाहेरून आलेल्या मालाचे कंटेनर उघडायचे, खोकी मोजून उतरवून घ्यायची. त्यात पंखे असत, खेळणी असत, नळाच्या तोट्या असत. आणि दर महिन्या-दीड महिन्याला एकदा लाल मुठीच्या कात्र्याही असत. ती खोकीही तो इतर खोक्यांसारखीच मोजून उतरवी. त्या दिवशी घरी आला की जेवताना बोलत नसे, एवढंच.

इकडे मालकाला खरोखरच सातासमुद्रापलीकडचं गिऱ्हाईक मिळालं. शिंप्यांची हत्यारं विकणारी मोठी कंपनी. तिला दहा इंची, भारी, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी कात्री हवी होती. तसली कात्री अजून हाताने घासून जोडणारे कारखाने जगात थोडेच उरले होते, त्यातला हा एक. त्या ऑर्डरवर बावीस घरं चालत होती. आणखीही एक गोष्ट झाली होती. कंपनीचा माणूस पाहणीला आला, त्याने घासणाऱ्यांच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यांकडे पाहिलं आणि सांगितलं की धूळ ओढणारी यंत्रं बसवल्याशिवाय एक कात्री घेणार नाही. मालकाने कुरकुरत बसवली. वहिनीचा सासरा जन्मभर पाती घासून त्या धुळीनेच खोकत खोकत गेला होता. यंत्राची घरघर पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी ती आडोशाला जाऊन रडली होती. हे तिने उस्तादाला कधी सांगितलं नाही.

वहिनीचं काम शेवटच्या तपासणीचं. प्रत्येक कात्री ती एकदा कानाशी उघडमीट करी. चांगली कात्री मिटताना मुळापासून टोकापर्यंत एकसारखी सुस्कारते, कुठे अडखळत नाही. मग चार घड्यांचं कापड मुळापासून टोकापर्यंत कापायचं. आणि पाचशेतल्या एकीला मोठी परीक्षा: जाड कापडाचे वीस काप, आणि लगेच ओलं, कांद्याच्या सालीसारखं पातळ कापड. तेही टोकाने तुटलं पाहिजे. पास झालेल्या खोक्यावर तिचा शिक्का बसे, सात नंबर. तो नसेल तर खोकं कारखान्याबाहेर जात नसे.

हे सगळं घडलं ते एका गुरुवारी सुरू झालं. तीन हजार कात्र्यांची ऑर्डर होती, एकशे वीस खोकी. शनिवारी दुपारी बाराला बंदराचं फाटक बंद होणार होतं. त्याच्या आत ट्रक पोचला नाही तर जहाज निघून जाणार. शंभर खोकी भरून, शिक्के मारून भिंतीला लागली होती. सकाळी अकराच्या सुमाराला वहिनीने मोठ्या परीक्षेची एक कात्री उचलली, वीस काप घेतले, आणि ओलं कापड लावलं. कात्रीने कापड कापलं नाही. चावलं. दोन पात्यांच्या मध्ये घेऊन दुमडलं.

एखादी निघते अशी, तिने मनाला समजावलं. त्याच खोक्यातली दुसरी घेतली. ती कापली. तिसरी चावली. चौथी, पाचवी, सहावी कापल्या, सातवी चावली. तिने भिंतीकडे पाहिलं. त्या शंभर खोक्यांवर तिचाच शिक्का होता.

अक्का समोर खोक्यांना पट्ट्या मारत होती. तिने मान वर केली. "काय झालं गं? पांढरी पडलीस."

"मालकांना बोलव," वहिनी म्हणाली.

मालक आला, चष्मा कपाळावर चढवून. तो कात्र्यांच्या बाबतीत अडाणी नव्हता, बापाच्या हाताखाली शिकला होता. बोथट झालेलं पातं त्याने नखावर फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. "नरम आहे. पाणी नीट बसलेलं नाही, पातं कडक झालेलंच नाही." तो तडक भट्टीकडे वळला.

भट्टीवर जो माणूस होता त्याला सगळे थंडोबा म्हणत, कारण एवढ्या आगीसमोर उभं राहूनही तो कधी घाई करत नसे की आवाज चढवत नसे. उस्तादाच्याच हाताखाली तयार झालेला.

"मागच्या आठवड्यात तुला ताप होता," मालक म्हणाला. "तरी कामावर आलास. कुठे होतं लक्ष?"

"ताप मला होता मालक," थंडोबा म्हणाला. "भट्टीला बरोबरच होता. तापमानाचा काटा बघा, रोजची नोंद बघा."

"मग पाती नरम कशी?"

"ते मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही, मला माहीत नाही, मग काय त्या पात्यांना विचारू?" मालकाचा आवाज इतका चढला की घासणारे थांबले. "ही ऑर्डर गेली तर उद्या इथे भट्टी पेटणार नाही, कळतंय का तुला? आणि गेली तर तुझ्यामुळे जाईल. शनिवारनंतर तू येऊ नकोस."

थंडोबाने हातातली सांडशी सावकाश खाली ठेवली. वाद घातला नाही. त्याने वाद घातला असता तर वहिनीला तेवढं वाईट वाटलं नसतं.

मालक तिला बाजूला घेऊन गेला. आता त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "वहिनी, ते लोक तिकडे खोकी उघडून तीस कात्र्या बघतात. तीस. त्याही नव्या कोऱ्या. वीस काप कोणी घेत नाही. उरलेल्या वीस खोक्यांवर शिक्का मारा. पुढच्या वेळी आपण सगळं नीट करू."

"उरलेल्या शिंपी बघतो ना मालक. आठवड्याभरात बघतो."

"आठवड्याभरात नाही, महिन्या-दोन महिन्यांत. तोवर पुढची ऑर्डर आलेली असेल."

"आणि त्यानंतर?"

"बावीस माणसं आहेत," तो म्हणाला.

अक्का जवळच होती. ती म्हणाली, "वहिनी, माझं घर माझ्या एकटीवर आहे. तू एवढं बारीक बघू नकोस गं." हे ती भांडून म्हणाली नाही, हात जोडल्यासारखी म्हणाली, आणि वहिनीला ते फार लागलं. तिने शिक्का पिशवीत टाकला. "मला दुपारपुरती सुट्टी द्या," ती म्हणाली, आणि ज्या सळयांची पाती घडत त्यांचे भट्टीपाशी पडलेले पाच-सहा तुकडे पदरात घेऊन बाहेर पडली.

डेपो दोन मैलांवर. पत्र्याची उंच शेड, समोर रांगेने उभे कंटेनर, आणि जिकडे तिकडे माणसं. वहिनी तिथे फारशी कधी आली नव्हती. ती फाटकाशी थांबली तेव्हा तिच्या मनात आलं, गल्लीत जेवढी माणसं बेकार झाली त्यापेक्षा इथे जास्त कामाला असतील. पण गल्लीतली त्यात किती? तिला ओळखीचा एकच चेहरा दिसला, आणि तो तिच्या नवऱ्याचा होता. त्याच्या हातात मोजणीचा कागद होता.

"घरी काय झालं?" त्याने लगेच विचारलं.

"घरी काही नाही." तिने सगळं सांगितलं. वीस काप, चावलेलं कापड, थंडोबा. तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि ते तिला आवडलं नाही.

"म्हणजे बुडतोय एकदाचा," तो म्हणाला.

"त्याच्याबरोबर बावीस जण बुडतात. मी त्यात आहे."

"मी बुडालो तेव्हा त्याने सही केली होती?"

"तुम्ही ज्या कात्र्यांमुळे बुडालात त्या तुम्हीच उतरवून घेता की हो इथे," ती म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर जीभ चावली. इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती.

उस्तादाचा चेहरा दगडासारखा झाला. मागून कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने हाताने थांब म्हणून खूण केली. "ते पोटासाठी," तो म्हणाला.

"सगळ्यांचं पोटासाठीच आहे. मी भांडायला आले नाही. मला एवढंच सांगा, हे थंडोबाच्या हातून झालं असेल का?"

तिने सळईचे तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते उलटसुलट केले, एकावर दुसरा वाजवून पाहिला. नजर हळूहळू बदलली, हे तिला दिसलं. "पोलाद कुठलं?"

"बाहेरचंच. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे नव्हतं, म्हणून या वेळी दुसऱ्या देशातून मागवलं. कागदावर सगळं बरोबर आहे."

"कागदावर माझी उंचीही सहा फूट लिहिता येईल." "नुसतं बघून नाही सांगता येणार. दगडावर धरायला हवं, ठिणगी बघायला हवी. इथे दगड नाही."

"कारखान्यात आहे."

"त्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही," तो म्हणाला आणि तुकडे तिच्या हातात परत देऊन आत गेला.

त्या संध्याकाळी घरात भांडी वाजत होती तेवढाच आवाज. वहिनीने पुन्हा विषय काढला नाही. तिचं मन मात्र सारखं हिशेब करत होतं. शिक्का मारला नाही तर मालक दुसऱ्या कोणाला तरी मारायला लावील, शिक्का काय, लाकडाचा तुकडा. मग तिने नाही म्हणून मिळवलं काय? आणि मारला, तर कुठल्या तरी लांबच्या गावात एखादी बाई नवी कात्री घेऊन कोणाचा तरी लग्नाचा कपडा कापायला बसेल आणि ती कात्री कापड चावेल. ती बाई तिला दिसत होती, चेहरा दिसत नव्हता, नुसते हात.

सकाळी ती डबा भरत असताना उस्ताद कपडे करून दाराशी उभा राहिला. अंगात डेपोचा सदरा नव्हता. "चल," तो म्हणाला. "थंडोबाला मी शिकवलाय. त्याच्या हातून झालं असेल तर ते मला कळायला हवं." गल्लीच्या तोंडाशी त्याची पावलं मंदावली. तिने वळून पाहिलं नाही, चालत राहिली.

कारखान्यात तो शिरला तेव्हा पहिल्यांदा थंडोबा उठून उभा राहिला. मग जुने घासणारे उठले. मालक कोपऱ्यातल्या टेबलाशी होता. त्याने मान वर केली, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"तू कशाला आलास?" मालक म्हणाला. मग सावरून, "दादा."

"तुझ्यासाठी नाही आलो. दगड सुरू कर."

घासायचा मोठा दगड गरगरायला लागला. उस्तादाने चष्मा लावला, सळईचा पहिला तुकडा दगडावर टेकवला. पिवळ्या ठिणग्यांचा झोत उडाला, आणि थोडं पुढे जाऊन प्रत्येक ठिणगीला फाटे फुटले, चांदण्या उमलाव्यात तसे. "हे पोलाद," तो म्हणाला. दुसरा तुकडा. तसेच फाटे. तिसरा टेकवला, आणि झोत बदलला. ठिणग्या लांब, सरळ, नुसत्या रेघा ओढल्यासारख्या; फाटा जवळजवळ नाहीच. उस्तादाने तुकडा उचलला, पुन्हा टेकवला. "हे लोखंड. याला कितीही पाणी द्या, साक्षात विश्वकर्मा भट्टीवर बसला तरी हे कडक होणार नाही." तो थंडोबाकडे वळला. "तुझी चूक नाही."

थंडोबाने फक्त मान हलवली. पण त्याचे खांदे खाली आले तेव्हा कळलं की ते कालपासून किती वर होते.

गोदामात उरलेला सळयांचा भारा होता. तो सोडून पाहिला. बाहेरच्या बाजूच्या सळया चांगल्या, आतल्या गाभ्यात लोखंड. मिसळून बांधलेला. मालक खाली बसला. "कागद आहे माझ्याकडे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "त्यांनी शिक्का मारून कागद दिलाय."

"इथे सही करायला सांगितली तेव्हा ऐकलं असतंस," उस्ताद म्हणाला, "तर आज बाहेरच्या—"

"तर आज काय?" मालक उसळून उठला. "आज कात्रीवर कर बसला असता तर उद्या पोलादावरही बसला असता, बाहेरून येणारा भट्टीचा काटाही आला नसता. इथलं पोलाद तरी कुठे मिळतंय दादा? पोलाद गाळणारा शेवटचा गिरणीवाला तुमच्या आधी बुडाला. मी सही केली नाही म्हणून सहा कारखान्यांत मी आहे. तुम्ही सही केलीत, तुम्ही कुठे आहात?"

दगड अजून फिरत होता. कोणी बंद केला नव्हता. उस्तादाच्या हाताची मूठ वळली, आणि वहिनीला वाटलं, आता झालं. ती दोघांच्या मध्ये गेली. "तुमचं काय ते नंतर करा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचाच वाटत नव्हता. "आज शुक्रवार आहे. उद्या बाराला फाटक बंद होतंय. चांगल्या कोणत्या आणि वाईट कोणत्या, हे वेगळं करता येईल की नाही, तेवढं सांगा."

उस्तादाने श्वास सोडला. मूठ उघडली. "कानशी किती आहेत?" त्याने विचारलं.

आठ निघाल्या. शंभरच्या शंभर खोकी पुन्हा फोडली. उस्तादाने एक कात्री सताड उघडली आणि आतल्या बाजूला, स्क्रूच्या जवळ, जिथे खूण राहिली तरी कधी दिसणार नाही, तिथे कानशीचा एक हलका हात फिरवला. "दाबू नका. नुसतं फिरवा. कानस काचेवरून सरकल्यासारखी सरकली तर चांगली. जरा जरी चावली तर बाजूला. दोन्ही पाती बघायची, एकावर विश्वास ठेवायचा नाही."

नऊ वाजता सुरू केलं. आठ जण, तीन हजार कात्र्या, सहा हजार पाती. पहिला तास बोलणं झालं, थट्टा झाली. अक्का म्हणाली, एवढ्या लोकांचं तोंड उघडून दात तपासायचे तर दंतवैद्यसुद्धा पळून जाईल. मग बोलणं बंद पडलं. नुसता कानशींचा आवाज, आणि मधूनच एखादी चावली की सगळ्यांचे कान तिकडे. बाजूचा ढीग वाढत होता. वहिनी मोजत नव्हती, पण डोळे जात होते. जेवायला कोणी उठलं नाही, पाळीपाळीने उभ्या उभ्या चार घास खाल्ले. मालकही बाही सारून बसला होता, उस्तादापासून दोन माणसं सोडून. दुपारी तिसऱ्या प्रहरी त्याने एक कात्री उचलून न बोलता उस्तादापुढे धरली. उस्तादाने कानस फिरवली. "चांगली," म्हणाला. पुढे पुढे असं बऱ्याचदा झालं.

साडेपाचला शेवटचं खोकं संपलं. चांगल्या एक हजार आठशे साठ. बाकीच्या बाजूला.

"नरम कात्र्यांतली चांगली पाती काढून जोडली तर?" अक्काने विचारलं.

"पाती एकमेकांवरच घासून बसवलेली असतात," थंडोबा म्हणाला. "नव्या जोड्या लावायला महिना जाईल."

आता मालकापुढे एकच काम उरलं होतं. तिकडे तेव्हा सकाळ होती. त्याने सगळ्यांसमोरच फोन लावला; बहुधा एकट्याने लावायचं धैर्य नव्हतं. खरेदी बघणारी बाई होती, तिच्याशी तो तुटक तुटक परक्या भाषेत बोलायला लागला. कोणालाच शब्द कळत नव्हते, म्हणून सगळे त्याचा चेहरा वाचत होते. तो आधी भरभर बोलला, मग थांबला. ती काहीतरी म्हणाली, त्याने "हो" म्हटल्यासारखी मान हलवली, फोनवर मान दिसत नाही हे विसरून. मग पुन्हा ती बोलली, आणि त्याचा चेहरा असा झाला की अक्काने वहिनीचा हात घट्ट धरला.

फोन ठेवून तो माठाकडे गेला. पाणी प्यायला.

"चांगल्या आहेत तेवढ्या उद्या पाठवा म्हणते. राहिलेल्यांना आठ आठवडे दिलेत." कोणीतरी हुश्श केलं. "थांबा. पुढच्या वर्षीपासून ऑर्डर निम्मी. निम्मी दुसऱ्या देशातल्या कारखान्याला. हे गेल्या महिन्यातच ठरलंय, आजच्या भानगडीशी त्याचा संबंध नाही. एकाच दारावर अवलंबून राहायचं नाही, असं त्यांच्या वरच्यांनी ठरवलंय."

"आपण तर एकाच दारावर आहोत," थंडोबा म्हणाला.

वहिनीला राग यावा की बरं वाटावं हेच कळेना. लपवलं असतं तरी ऑर्डर निम्मीच झाली असती, आणि सांगितलं म्हणून ती वाढलीही नाही. तिने पिशवीतून शिक्का काढला आणि पंचाहत्तर खोक्यांवर एकेक करून मारला. शेवटचं खोकं पुरतं भरत नव्हतं, त्यावर अक्काने कात्र्यांचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिला. शनिवारी सकाळी साडेअकराला ट्रक फाटकातून आत गेला. ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत कारखान्यात कोणी धड बसलं नव्हतं.

राहिलेल्या नरम कात्र्यांवरून आणखी एक दिवस ताणाताणी झाली. मालक म्हणाला, बाजारात लाल मुठीच्या मिळतात त्यांच्यापेक्षा या केव्हाही बऱ्या, विकून टाकू. उस्ताद म्हणाला, आपला छाप घेऊन एक जरी बाहेर गेली तर तो थंडोबाला घेऊन कुठे तरी दुसरीकडे भट्टी मांडेल. शेवटी पात्यांवरचा छाप घासून काढला, टोकं बोथट केली, आणि पार्सलवाल्यांना दोरी नि कागद कापायला दिल्या. पोलादवाल्या व्यापाऱ्याला मालकाने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं ते एकाचंच: माल बंदर सोडताना बरोबर होता.

वर्ष बदललं आणि ऑर्डर निम्मी झाली ती झालीच. बावीसातले पाच जण कमी करावे लागले. मालकाने चिठ्ठ्या टाकायचं म्हटलं, तेव्हा अक्का आपण होऊन उठली. "माझं मी बघते," म्हणाली. पण तिचं कोण बघणार होतं? उस्तादाने डेपोत शब्द टाकला आणि तिला मोजणीच्या कामावर घेतलं. पगार इथल्यापेक्षा थोडा बरा, उभं राहणं जास्त. आता लाल मुठीची खोकी ती मोजते. वहिनी तिला महिन्यातून एकदा भेटते. अक्का कंटेनरांतून काय काय आलं ते सांगते आणि वहिनी कारखान्यातली खबर देते; कात्र्यांचा विषय दोघी फारसा काढत नाहीत.

उस्तादाला मालकाने परत ये म्हटलं होतं. वहिनीसमोरच म्हटलं, आणि मान खाली घालून. उस्ताद म्हणाला, "डेपोचा पगार पहिल्या तारखेला येतो. तुझ्याकडे उद्या काय होईल ते तुलाही माहीत नाही." मालकाला ते लागलं, पण खोटं म्हणता आलं नाही.

तरीही रविवारी सकाळी तो येतो. नवा भारा आला की सोडायला लावतो, एकेक सळई दगडावर धरतो, आणि ज्यांचे फाटे फुटतात त्यांच्यावर खडूने रेघ मारतो. मालकाशी बोलणं होतं ते सळयांपुरतंच. थंडोबा दोघांना चहा आणून देतो. वहिनीला रविवारी सुट्टी असते, पण ती येते. धूळ ओढणारं यंत्र सुरू करते, आणि उस्तादाच्या मागे उभी राहून ठिणग्या बघते. फाटा आहे की नाही, हे आता तिलाही ओळखू येऊ लागलंय.